हुम: रोचहून चालत जावं असं इस्त्रियातलं इवलंसं डोंगरी शहर

क्रोएशियाच्या वायव्य टोकाला एड्रियाटिक समुद्रात घुसलेला त्रिकोणी भूभाग म्हणजे इस्त्रिया. बहुतेकांची इस्त्रिया किनाऱ्यावरच आटोपते: पुला शहरातलं रोमन अँफीथिएटर, रोविन्यच्या गल्ल्या, मग परत. आतल्या डोंगराळ भागाला मात्र वेगळी चव आहे. तिथल्या जवळपास प्रत्येक टेकडीच्या माथ्यावर तटबंदीचं एकेक जुनं गाव बसलेलं आहे, आणि त्यातलं सगळ्यात लहान गाव म्हणजे हुम.

‘जगातलं सगळ्यात लहान शहर’ अशी हुमची ओळख करून दिली जाते. तटाच्या आतली जागा जेमतेम शंभर मीटर लांब आणि तीस-पस्तीस मीटर रुंद. 2011 च्या जनगणनेत इथली लोकसंख्या 30 होती. मग याला खेडं न म्हणता शहर का म्हणायचं? कारण शहराला लागणारं सगळं इथे आहे: तट, वेस, टेहळणीचा बुरूज, चर्च, पंचांनी बसायची ओसरी आणि दरवर्षी निवडला जाणारा स्वतःचा प्रमुख. 1102 साली काउंट उल्रिक दुसरा याने अक्विलेयाच्या धर्मपीठाला दिलेल्या दानपत्रात ‘खोल्म’ या नावाने ह्या गढीची नोंद आहे.

हुम इतकं लहान कसं झालं याची इस्त्रियातली लोककथा अशी: राक्षसांनी मिर्ना नदीच्या खोऱ्यात एकेक शहर बांधत आणलं. मोतोवुन झालं, ओपर्ताल झालं, बुझेत झालं, रोच झालं. शेवटी दगड संपत आले, आणि उरलेल्या मूठभर दगडांत त्यांनी हुम बांधलं.

आता मुद्द्याचं. सहलीच्या बसमधून येणारे लोक वेशीपाशी उतरतात, दोन गल्ल्या फिरतात, इथल्या ब्रँडीची एक बाटली घेतात आणि अर्ध्या तासात परततात. नुसतं बघायला खरोखर तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे त्यांना दोष देता येत नाही. पण हुममध्ये पाहण्यासारखं जे आहे ते त्याच्या लिपीत, त्याच्या निवडणुकीत आणि त्याच्या स्वयंपाकघरात आहे, आणि त्याची तयारी वाटेवरच करावी लागते. म्हणून माझा आग्रह आहे की गाडी रोचला ठेवा आणि हुममध्ये पायी शिरा. पुढचं सगळं त्याच क्रमाने लिहिलं आहे.

कधी जावं

मे-जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन कडक असतं आणि किनाऱ्यावरची गर्दी दुपारी इकडे वळते. हिवाळ्यात ‘बुरा’ नावाचा बोचरा ईशान्य वारा सुटतो, आणि दुकानं-खाणावळी आठवड्यातले काही दिवस बंद असतात.

तारीख हातात असेल तर ती एखाद्या प्रसंगाशी जुळवा. मे महिन्यात रोचमध्ये त्रिएस्तिना नावाचं जुन्या पद्धतीचं अकॉर्डियन वाजवणाऱ्यांचा मेळा भरतो. जूनमध्ये हुमच्या प्रमुखाची निवडणूक होते. सप्टेंबरात बुझेतला ‘सुबोतिना’ हा सण असतो. त्यात त्या वर्षाच्या आकड्याएवढी अंडी फोडून भल्यामोठ्या कढईत ट्रफल या सुगंधी बुरशीचं ऑम्लेट करतात. ऑक्टोबरअखेरीस हुममध्येच इस्त्रियातल्या रकियांचा, म्हणजे गावठी ब्रँडीचा, उत्सव असतो. नेमके दिवस दरवर्षी थोडे सरकतात, त्यामुळे विमानाची तिकिटं काढण्याआधी बुझेतच्या पर्यटन कार्यालयाकडून तारीख पक्की करून घ्या. मला एकच प्रसंग निवडायला सांगितला तर मी जूनची निवडणूक निवडेन.

व्हिसा आणि प्रवास

1 जानेवारी 2023 पासून क्रोएशिया शेंगेन क्षेत्रात आहे आणि चलनही त्याच दिवसापासून युरो झालं. भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. इटली, स्लोव्हेनिया आणि क्रोएशिया एकाच फेरीत करणार असाल तर ज्या देशात जास्त दिवस मुक्काम आहे त्याच्याकडे अर्ज करायचा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तो गेलेलाच हवा. उन्हाळ्यात जायचं असेल तर इतकं ताणू नका, कारण मुंबईत भेटीची वेळ मिळायलाच उशीर लागतो. प्रवासविमा किमान 30,000 युरोंचा असावा लागतो.

जवळचे विमानतळ म्हणजे पुला, रियेका आणि इटलीतलं त्रिएस्ते. ल्युब्ल्याना, व्हेनिस आणि झाग्रेबहूनही गाडीने आरामात येता येतं. स्लोव्हेनियातून येत असाल तर तिथल्या महामार्गांसाठी ई-विन्येता, म्हणजे टोलचा ऑनलाइन पास, आधीच विकत घ्यावी लागते. न घेता गेलात तर दंड जबर आहे. झाग्रेब किंवा रियेकाकडून येताना उच्का डोंगराखालचा सुमारे पाच किलोमीटरचा बोगदा लागतो. तो ओलांडला की लुपोग्लावला महामार्ग सोडायचा.

इस्त्रियातला रेल्वेमार्ग रोचजवळून जातो, पण तो क्रोएशियाच्या बाकीच्या रेल्वेशी थेट जोडलेलाच नाही. जोड आहे ती स्लोव्हेनियातून. गाड्याही मोजक्या. हुमपर्यंत बसच्या भरवशावर राहणंही धोक्याचं आहे. म्हणून भाड्याची गाडी घ्यावी किंवा बुझेतहून टॅक्सी ठरवावी. गाडी घेणार असाल तर आपल्या आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना घेऊन जा. रस्त्याची बाजू उजवी आहे. आणि चालवणारा कोण हे सकाळीच ठरवा, कारण हुममध्ये ग्लास पुढे येणारच.

रोच: इथून सुरुवात

रोच हेही तटाच्या आतलंच गाव, हुमपेक्षा थोडं मोठं. सकाळी लवकर या, गाडी तटाबाहेर लावा आणि अर्धा तास गावात घाला. इथे युरी झाकान हे नाव कानी पडेल. ‘झाकान’ म्हणजे चर्चमधला कनिष्ठ सेवक. 1482 साली त्याने एका हस्तलिखित प्रार्थनाग्रंथात आनंदाने नोंद केली की आता आपली छपाई पुढे निघाली आहे. पुढच्याच वर्षी, 1483 मध्ये, पहिलं क्रोएशियन छापील पुस्तक निघालं. तेही एक प्रार्थनाग्रंथच होतं, आणि त्याची लिपी ग्लागोलित्सा.

ही लिपी समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. नवव्या शतकात सिरिल आणि मेथोडियस या भावांनी स्लाव्ह लोकांना त्यांच्या भाषेत धर्मग्रंथ वाचता यावेत म्हणून काम हाती घेतलं, आणि ग्लागोलित्सा सिरिलने घडवली असं मानलं जातं. इतरत्र ती मागे पडली, पण इस्त्रिया आणि आसपासच्या बेटांवर पाद्री ती शतकानुशतकं लिहीत राहिले. वर्तुळं, त्रिकोण आणि छोट्या चौकटी यांतून अक्षरं बनतात. प्रत्येक अक्षराला आकड्याची किंमत असते: ‘आझ’ म्हणजे एक, ‘बुकी’ म्हणजे दोन, ‘वेदे’ म्हणजे तीन. त्यामुळे जुन्या लेखांत सालसुद्धा अक्षरांत लिहिलेलं सापडतं. रोचमध्ये वर्णमालेचा तक्ता मिळाला तर घ्या, नाहीतर फोनमध्ये फोटो ठेवा. वाटेवर आणि हुमच्या वेशीत तो सतत लागतो.

सात किलोमीटरची वाट

रोच ते हुम या सात किलोमीटरच्या रस्त्याला ‘आलेया ग्लागोल्याशा’ म्हणतात, म्हणजे ग्लागोलित्सा लिहिणाऱ्यांचा मार्ग. 1977 ते 1985 या काळात त्यावर अकरा दगडी स्मारकं उभी राहिली. कल्पना साहित्याचे अभ्यासक योसिप ब्रातुलिच यांची, शिल्पं झेलिमिर यानेश यांची.

रमतगमत चालायला अडीच तास धरा. रस्ता डांबरी आहे, वाहनं तुरळक असतात, पण पदपथ नाही. वाहनं उजवीकडून जातात म्हणून तुम्ही डाव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल असं चाला. पाणी रोचलाच भरून घ्या. टोपी हवीच, कारण सावली सलग नाही.

पहिलं स्मारक रोचजवळ लागतं. तो ‘स’ या अक्षराच्या आकाराचा उंच दगडी स्तंभ आहे. ‘स’ला ग्लागोलित्सात ‘स्लोवो’ म्हणतात. पुढे सिरिल-मेथोडियस यांचं दगडी टेबल, मग त्यांचा शिष्य ओह्रिदचा क्लेमेंट याची बैठक. ब्रनोबिची गावात जुन्या शिलालेखांच्या प्रतिकृती एकत्र लावल्या आहेत. इथे थांबून तक्ता बाहेर काढा आणि निदान एक ओळ अक्षर-अक्षर लावून वाचायचा प्रयत्न करा. सुरुवातीला सगळं सारखंच दिसतं. दहा मिनिटांत मात्र दोन-तीन अक्षरं ओळखीची होतात, आणि मग पुढच्या प्रत्येक दगडाकडे डोळा आपोआप जातो.

त्यानंतर उच्का डोंगराकडे तोंड केलेलं स्मारक, दहाव्या शतकातल्या निनच्या ग्रेगोर या बिशपच्या नावाने केलेली नजारा पाहण्याची जागा, आणि ‘इस्त्रियाची सीमानिश्चिती’ या मध्ययुगीन दस्तऐवजाचं स्मारक. गावागावांच्या शिवा कुठून जातात, कुरण कुणाचं, पाणी कुणाचं, यासाठी पंच प्रत्यक्ष हद्दीवरून फिरले आणि ते लिहून ठेवलं, असा तो दस्तऐवज. शेतजमिनीचे वाद ज्यांनी जवळून पाहिलेत त्यांना हा दगड विशेष बोलका वाटेल. पुढे प्रॉटेस्टंट लेखकांची भिंत, युरी झाकानच्या नावाची विसाव्याची जागा आणि हुमच्या अलीकडे प्रतिकार व स्वातंत्र्याचं स्मारक. अकरावं स्मारक म्हणजे स्वतः हुमची वेस.

चालणं जमणार नसेल, सोबत वयस्कर माणसं असतील, तर हीच वाट गाडीने करा आणि निदान पहिल्या, चौथ्या आणि सहाव्या स्मारकापाशी उतरा. अकरा ठिकाणी गाडी थांबवत बसण्यापेक्षा तीन ठिकाणी नीट उभं राहणं बरं.

वेशीतून आत

गाडी बाहेरच्या वाहनतळावरच ठेवायची, आत वाहन नेत नाहीत. वेशीच्या दोन झडपांवर तांब्याचे पत्रे आहेत आणि त्यांवर बारा गोल पदकं. बारा महिने, आणि त्या त्या महिन्यातलं शेतीचं काम. कडी म्हणून तांब्याची बैलशिंगं लावली आहेत. इस्त्रियाचा ‘बोश्कारिन’ हा पांढुरका, लांब शिंगांचा बैल इथल्या शेतीचा कणा होता. दारावर ग्लागोलित्सात स्वागताचा मजकूरही आहे. शिंग हातात धरून पाहा. हजारो हातांनी तांबं घासून चकचकीत झालेलं आहे.

दरवाजाच्या कमानीखाली सावलीत भिंतीत बसवलेले कोरीव दगड आहेत. बरेच लोक हे ओलांडून सरळ गल्लीत जातात. तसं करू नका, वाटेवर शिकलेली अक्षरं इथेच उपयोगी पडतात.

आत दोनच गल्ल्या. बाहेरच्या बाजूच्या घरांच्या पाठभिंती म्हणजेच तट, त्यामुळे घर कुठे संपतं आणि कोट कुठे सुरू होतो ते कळत नाही. चर्च मेरीच्या स्वर्गारोहणाचं. आजची इमारत 1802 ची. तिच्याजवळचा कंगोऱ्यांचा बुरूज मात्र 1552 चा, टेहळणीसाठी आणि बचावासाठी बांधलेला. आज त्यात घंटा आहेत.

लोक इथे राहतात हे विसरू नका. अंगणातली लाकडं, वाळत घातलेले कपडे, खिडकीतली आजी हा फोटोचा विषय नाही. समोर कुणी आलं की ‘दोबार दान’ म्हणा, निघताना ‘ह्वाला’. इस्त्रियात इटालियनही चालतं आणि पाट्यांवर हुमचं ‘कोल्मो’ हे इटालियन नावही दिसेल.

स्मशानातलं देऊळ

हुममधली सगळ्यात मोलाची गोष्ट तटाच्या बाहेर आहे आणि बसने आलेले ती पाहतच नाहीत. वेशीबाहेर थोड्या अंतरावर गावचं स्मशान आहे, त्यात संत येरोनिमचं बाराव्या शतकातलं छोटंसं प्रार्थनामंदिर. दाराला कुलूप असतं. किल्ली कुणाकडे आहे ते गावातल्या खाणावळीत आधी विचारा आणि मगच उतरा.

आत डोळे अंधाराला सरावू द्या. भिंतींवर त्याच काळातली चित्रं आहेत, बायझंटाइन वळणाची: मेरीला वार्ता सांगणारा देवदूत, क्रुसावरून येशूचं शरीर उतरवतानाचा प्रसंग. रंग बऱ्याच ठिकाणी उडालेले आहेत. आता चित्रांच्या अगदी जवळ जा, हात न लावता. रंगाच्या थरावर टोकदार वस्तूने ओरखडून लिहिलेली बारीक अक्षरं दिसतील. ती ग्लागोलित्सा आहे, बाराव्या शतकाच्या उत्तरार्धातली. त्यातल्या एका ओळीत मृतांसाठी म्हटलेल्या तीस प्रार्थनांचा हिशेब आहे, आणि त्यात एका लोहाराचा आणि मार्टिन नावाच्या माणसाचा उल्लेख येतो. राजा नाही, बिशप नाही. गावच्या पाद्र्याने विसरायला नको म्हणून भिंतीवर टिपून ठेवलेलं काम. मला इस्त्रियातल्या कुठल्याही भव्य चर्चपेक्षा ही ओळ जास्त मोलाची वाटते.

फ्लॅश वापरू नका. मोबाइलचा टॉर्च भिंतीवर तिरपा आणि लांबून धरला तर ओरखडे उठून दिसतात, पण तो क्षणभरच लावा. किल्ली परत देताना देणगीपेटी असेल तर तिच्यात काहीतरी घाला.

काठीवरच्या खाचा

हुमची जूनमधली निवडणूक म्हणजे झुपानची निवड. झुपान म्हणजे गावप्रमुख. मध्ययुगापासूनची ही पद्धत खंडित झाली होती, ती 1970 च्या दशकात पुन्हा सुरू केली. परगण्यातले पुरुष ओसरीत दगडी टेबलाभोवती जमतात. कागद नाही, पेटी नाही. ‘रोवाश’ नावाची लाकडी काठी असते. मत देणारा आपल्या माणसासाठी सुरीने तिच्यावर खाच पाडतो. ज्याच्या खाचा जास्त तो वर्षभरासाठी झुपान. आज हुमचा प्रशासकीय कारभार बुझेतच्या नगरपालिकेकडे आहे, त्यामुळे हे पद मानाचं. पण मान खरा आहे आणि गाव तो गांभीर्याने घेतं.

पाहायला जाणार असाल तर लवकर पोचा, कारण जागा थोडी आणि माणसं बरीच. टेबलाच्या आणि मत देणाऱ्यांच्या मध्ये कॅमेरा घेऊन उभं राहू नका. बाजूने, तटाच्या अंगाने सगळं नीट दिसतं. मत देण्याचा हक्क परंपरेने पुरुषांचाच राहिला आहे. ते मला पटत नाही, पण पाहुण्याने तिथे वाद घालायची ती वेळ नव्हे. त्यानंतर वाद्यं, गाणी, खाणंपिणं होतं. इस्त्रियाच्या खास स्वरसप्तकातलं दोन आवाजांचं गाणं ऐकायला मिळालं तर जागचे हलू नका. आपल्या सुरांना सरावलेल्या कानाला ते आधी बेसूर वाटेल. 2009 मध्ये युनेस्कोने ते अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं आहे.

बिस्का आणि पान

बिस्का ही हुमची ब्रँडी. द्राक्षांच्या चोथ्यापासून काढलेल्या कोमोवित्सात पांढऱ्या मिसलटोची पानं आणि इतर वनस्पती मुरवून ती करतात. मिसलटो म्हणजे आपल्या आंब्यावर वाढणाऱ्या बांडगुळाचा युरोपीय भाऊबंद: झाडातून पाणी आणि क्षार ओढून घेणारा, पण स्वतःची पानं हिरवी राखणारा. जुनी कृती जपून तिला नाव मिळवून दिलं ते हुमचे पाद्री योसिप विदाउ यांनी. जेवणाआधी छोट्या ग्लासात देतात. रंग पिवळसर, चव कडवट-गोड. एका घोटात ढकलू नका, चाखत प्या. ती औषधी असल्याचं पुष्कळ ऐकाल, पण औषध म्हणून पिऊ नका. आणि झाडावरचं कच्चं मिसलटो तोंडात घालू नका, ते विषारी आहे.

जेवायला ‘हुम्स्का कोनोबा’ ही गावातली खाणावळ आहे. निघण्यापूर्वी फोन करून ती उघडी आहे का ते विचारा. ‘फुझी’ मागवा. पिठाची पातळ पोळी लाटून तिचे चौकोन कापतात आणि दोन समोरची टोकं बारीक काठीवर एकमेकांवर दाबतात, की झाली फुझी. ट्रफलबरोबर ती उत्तम लागते. ट्रफल म्हणजे झाडांच्या मुळांशी जमिनीखाली वाढणारी सुगंधी बुरशी. ह्याच भागात 1999 साली 1.31 किलोचा पांढरा ट्रफल सापडला होता. पांढरा शरदात मिळतो आणि महाग असतो, काळा जवळपास वर्षभर.

शाकाहारी मंडळींनी ‘बेझ मेसा’, म्हणजे मांसाशिवाय, हे दोन शब्द पाठ करावेत. ट्रफलची फुझी चालेल, पण तिच्यात अंडं असतं. ‘मानेश्त्रा’ हे कडधान्यं आणि मक्याचं दाट सूप नावावरून सात्त्विक वाटतं, पण त्यात बहुधा डुकराचं हाड उकळलेलं असतं, म्हणून विचारूनच घ्या. वसंतात रानशतावरीचं ऑम्लेट मिळतं, ते सोडू नका. थंडीत गेलात तर ‘सुपा’ मागा: मातीच्या रंगीत बुकालेतात कोमट लाल तेरान वाइन, त्यात ऑलिव्ह तेल, साखर, मिरी आणि भाजलेल्या पावाचा तुकडा. बुकालेता टेबलाभोवती हातोहात फिरतो, सगळे त्यातूनच घेतात.

मुक्काम, परतीची वाट, खरेदी

तटाच्या आत खोल्या अगदी मोजक्या, त्या मिळाल्या तर जरूर घ्या, कारण संध्याकाळी बस गेल्या की गाव पुन्हा गावकऱ्यांचं होतं. नाहीतर रोच किंवा चौदा किलोमीटरवरच्या बुझेतच्या आसपास शेतघरांत सोय होते. पायी आला असाल तर परतीची टॅक्सी सकाळीच ठरवून ठेवा. दुपार हाताशी असेल तर जवळच्या कोत्लीला जा. मिर्नाच्या पाण्याने खडकात कोरलेले रांजण आणि जुनी पाणचक्की तिथे आहे. पाऊस पडून गेला असेल तर खडक निसरडे असतात, लहान मुलांचा हात सोडू नका.

खरेदीत बिस्का, मध आणि ग्लागोलित्सा कोरलेल्या छोट्या वस्तू. नाव कोरून घेणार असाल तर आधी कागदावर तक्त्याशी ताडून पाहा, मग दगडावर चढवा. बाटल्या कपड्यांत गुंडाळून सामानाच्या बॅगेत घाला, हातातल्या बॅगेत त्या सुरक्षा तपासणीला अडतील. भारतात येताना माणशी दोन लिटरपर्यंत मद्य सीमाशुल्काशिवाय आणता येतं, आणि विमानतळावर घेतलेली बाटलीही त्याच दोन लिटरांत मोजतात.